सोपे शब्द वापरावेत

२ सप्टेंबर, मंगळवार

ही वही मोठ्या बाईंनी दिली. फुकट मिळाली म्हणून घेतली, नाहीतर या वयात डायरी लिहिणाऱ्यांतली मी नव्हे. मोठ्या बाई म्हणजे आमच्या मंडळीतल्या निवृत्त मुख्याध्यापिका. कैद्यांना पत्रं लिहायची सेवा त्या चालवतात. म्हणाल्या, "पत्रात जे लिहायचं नाही ते या वहीत लिहा, म्हणजे ते पत्रात सांडणार नाही."

आज चर्चच्या मागच्या खोलीत आम्हा नऊ जणींना नियम सांगितले. खरं नाव द्यायचं नाही, 'ताई' अशी सही करायची. घरचा पत्ता द्यायचा नाही, उत्तरं चर्चच्या पेटीत येतील. काय गुन्हा केला ते विचारायचं नाही. तुरुंगात प्रत्येक पत्र उघडून वाचतात, तेव्हा कुणाबद्दल वेडंवाकडं लिहायचं नाही. आणि सोपे शब्द वापरायचे. यावर पाळकसाहेबांनी पंधरा मिनिटं घेतली. आपली चर्चमधली भाषा बाहेरच्या माणसाला जड जाते म्हणे. 'क्षमा' लिहू नका, 'माफी' लिहा. 'तारण' तर मुळीच नको, लोकांना गहाणखत आठवतं. 'सुटका' लिहा. सगळ्या हसल्या. मी निमूटपणे लिहून घेतलं.

माझ्या वाट्याला तुरुंगातल्या सुतारखात्यातला एक जण आलाय. वय एकतीस. बस्स, एवढंच. चौतीस वर्षं मी सरकारी दवाखान्याच्या खिडकीत केसपेपर काढले. "नाव? वय? काय होतंय? चला, पुढचा!" माणसाला एक प्रश्न कमी विचारायचा म्हणजे माझी जीभ वळवळते. पण नियम तो नियम.

९ सप्टेंबर, मंगळवार

पहिलं पत्र टाकलं. पाच वेळा लिहून फाडलं आणि सहाव्यांदा जमलं. मोठ्या बाईंनी लाल पेननं दोन वेलांट्या सुधारल्या आणि खाली शेरा मारला, 'छान. मायाळू.' लेकीला फोनवर सांगितलं तर ती खो-खो हसत सुटली. "आई, तू आणि मायाळू? दवाखान्यात तुला फौजदारीण म्हणायचे!" म्हणू देत. खिडकीत मायाळू बसली असती तर दुपारपर्यंत रांग हलली नसती.

हे पलीकडच्या खोलीत ऐकत होते. ह्यांच्याशी मी बोलत नाही. म्हणजे गरजेपुरतं बोलते, पण ते भिंतीशी. "जेवण वाढलंय," असं मी भिंतीला सांगते आणि भिंत येऊन जेवते. सहा वर्षं झाली याला. लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी माझी आई गेली, तिकडे भावाच्या गावी. फोन ह्यांनी घेतला. मला कधी सांगितलं, तर पाहुणे परतल्यावर, तिसऱ्या दिवशी. तोवर तिची माती झाली होती. भावालाही परस्पर सांगून मोकळे, की तिला प्रवास झेपायचा नाही. का केलंत असं विचारलं तर म्हणाले, "म्हटलं, चार दिवस तरी आनंदात जाऊ देत तुझे." मला माझ्या आईचं शेवटचं तोंड दिसलं नाही, आणि ह्यांना माझ्या आनंदाची पडली होती.

पुरे. हे इथे कशाला आलं? सेवेची वही आहे ही.

२५ सप्टेंबर, गुरुवार

उत्तर आलं! रेघांचा कागद, कोपऱ्यात 'तपासले' असा निळा शिक्का, आणि अक्षर असं की पेननं नाही, पटाशीनं कोरलंय. लिहितो:

'ताई, तुमचं पत्र मिळालं. मला कुणाचं पत्र येत नाही. आईला लिहिता येत नाही. इथले म्हणतात, तू केलंस त्याला माफी नसते. खरं का? तुम्ही शिकलेल्या आहात. पाळकसाहेब मोठ्या साहेबांबरोबर चहा पितात ते मी बघितलंय. तुम्हा लोकांना माहीत असणार. खरं ते सांगा.'

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पहिल्याच पत्रात थेट मुद्द्यावर! आमच्या मंडळीत चाळीस वर्षं बाकावर बसून ज्यांनी हा प्रश्न विचारला नाही असे किती दाखवू. खिडकीतून बघून माणूस ओळखायची मला सवय आहे, आणि हा तहानलेला जीव आहे.

एका बैठकीत चार पानं लिहिली. 'माफी सगळ्यांना असते. तुलाही मिळाली आहे, पूर्ण माफी. तुझी सुटका झाली आहे. कागदावर सही झालेली आहे, आणि ज्याची सही लागते त्याचीच झालेली आहे. तू फक्त विश्वास ठेव.' एकही जड शब्द नाही. मोठ्या बाईंनी वाचलं आणि लाल पेनाचं टोपणसुद्धा काढलं नाही.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

'ताई, पत्र अकरा वेळा वाचलं. माझ्या वाचण्यात चूक नको म्हणून दोघांकडून वाचून घेतलं. ते पण तेच म्हणाले. हात थरथरत होते. कागद माझ्या हातात कधी येईल? मला काही भरावं लागेल का? कुणाला काही द्यावं लागेल का?'

काही द्यावं लागेल का! पापी माणसाचा हाच तर जुना प्रश्न. फुकट मिळालेलं आपल्याला पचत नाही. त्याला ठणकावून लिहिलं: 'काही भरायचं नाही, काही द्यायचं नाही. तुझी किंमत दुसऱ्यानं भरून टाकली. कुणी म्हणालं आता हे कर, ते कर, तर ऐकू नकोस. काम पुरं झालंय.'

१२ ऑक्टोबर, रविवार

उपासनेनंतर पाळकसाहेबांनी मला पुढे बोलावून सुताराचं पत्र वाचायला लावलं. 'हात थरथरत होते' इथे माझाच आवाज चिरकला. मंडळीनं टाळ्या वाजवल्या. आमच्या चर्चमध्ये टाळ्या वाजत नाहीत कधी. मला गर्व झाला, खोटं कशाला बोलू? चौतीस वर्षं लोक माझ्या खिडकीपुढे रडले, पण माझ्यामुळे कुणाचं बरं झाल्याचं कुणी कळवलं नव्हतं.

हे मागच्या बाकावर होते. ह्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी येताना म्हणाले, "ते पत्र मला बघायला देशील?" मी भिंतीलासुद्धा उत्तर दिलं नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

क्रमानं लिहिते.

दुपारी पत्र आणलं आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्याच मोठ्यानं वाचायला लागले. 'ताई, मी माझं कांबळं आणि आरसा देऊन टाकला.' मी म्हटलं, बघा, जगाची आसक्ती सुटली! 'वकीलबाई आल्या होत्या. शिक्षा कमी करायचा अर्ज तीन वर्षांतून एकदाच घेतात, या एकतीस तारखेला चारपर्यंत. सही कर म्हणाल्या. मी तुमचं ऐकलं. म्हटलं, माझं काम पुरं झालंय. सही केली नाही. आईला निरोप धाडला की महिनाअखेर येतो. तिनं खोली रंगवून घेतली. शेजारीण सांगते, दाराकडे तोंड करून बसते.'

खोली रंगवली हे काय ते मला कळेना. मी ते वाक्य दुसऱ्यांदा वाचत होते तेवढ्यात हे दारात आले. हात पुढे केला आणि मी पत्र दिलं, का कुणास ठाऊक. हे छापखान्यात खिळे जुळवायचे. अजूनही ओळीखाली बोट ठेवून अक्षर न् अक्षर वाचतात. वाचून झाल्यावर म्हणाले, "तो घरी यायचं म्हणतोय."

"म्हणजे स्वर्गीय..."

"आईच्या घरी. या शुक्रवारी. तुरुंगात माफी म्हणजे शिक्षेतले दिवस कमी होणं. तू त्याला सुटल्याचं कळवलंयस."

मी माझ्या आधीच्या दोन पत्रांच्या ठेवलेल्या नकला बाहेर काढल्या आणि त्याच्या डोळ्यांनी वाचल्या. अरे देवा! एक ओळ अशी नाही की जिचा दुसरा अर्थ लागेल. 'कागदावर सही झालेली आहे.' 'कुणी म्हणालं आता हे कर, तर ऐकू नकोस.'

२८ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळीच चर्च गाठलं. मोठ्या बाई पत्र वाचून पांढऱ्याफटक पडल्या. "मीच तपासलं होतं," एवढंच दोनदा म्हणाल्या. पाळकसाहेब येरझाऱ्या घालत राहिले. "सेवा बंद पडेल. तुरुंगवाले म्हणतील, हे लोक खोट्या बातम्या पाठवतात." शेवटी म्हणाले, "सावकाश, प्रेमानं समजावणारं पत्र लिहा." पत्र पोचायला सात-आठ दिवस लागतात. अर्जाला उरलेत तीन.

मी त्यांच्यादेखत तुरुंगाच्या कल्याण अधिकाऱ्यांना फोन लावला. दवाखान्यातला माझा आवाज अजून कामाला येतो, तीन माणसं ओलांडून थेट त्यांच्यापर्यंत पोचले. ते म्हणाले, "बाई, मी त्याला सांगून बघितलं. माझ्यावर हसला. 'ताईंनी लिहून दिलंय' म्हणाला. दिवसभर गात रंधा मारतोय. अर्ज भरला तर मंजूर व्हायची बरीच आशा आहे, त्याची वागणूक चांगली आहे." मग म्हणाले, "पण खरं सांगायचंही मला भय वाटतं. गेल्या साली एकाची सुटका अशीच शेवटच्या दिवशी फिस्कटली. तो आज नाही. तुम्हाला सांगायचं असेल तर स्वतः या. गुरुवारी दुपारी बारा वाजता अर्धा तास देतो."

पाळकसाहेब म्हणाले, "जाणं नियमात बसत नाही." त्यांचा चेहरा बघून वाटलं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं.

मी तरी काय वेगळी? घरी येईपर्यंत मनाशी हिशेब जुळवला. अर्ज काय, तीन वर्षांनी पुन्हा निघेल. मंजूर होईलच असं तरी कुठे? आणि मी जाऊन सांगितलं आणि त्यानं जिवाचं काही बरंवाईट केलं तर? त्यापेक्षा राहू दे. शुक्रवारी कळायचं ते कळेल, तोवर चार दिवस तरी आनंदात जाऊ देत बिचाऱ्याचे. माणसाच्या भल्यासाठीच कधीकधी गप्प बसावं लागतं.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सूप खारट झालं. ह्यांनी निमूट प्यायलं. मग बशी घेऊन स्वयंपाकघरात आले आणि विचारलं, "उद्या जाणार का?"

"नाही," मी भिंतीला म्हटलं. "त्याला सहन व्हायचं नाही."

हे बराच वेळ बशीच धूत राहिले. मग म्हणाले, "मलाही तसंच वाटलं होतं." नळ बंद केला. "तुला सहन झालं असतं. मी तुला विचारलंच नाही."

मी शेगडी बंद केली. खूप राग आला. ह्यांचा की माझा ते नीट सांगता येत नाही. सहा वर्षं मी ज्या शब्दांवरून ह्यांना धारेवर धरलं, काल तेच या वहीत लिहिलेत की काय म्हणून मागचं पान काढून बघितलं. तेच आहेत. मेल्या अक्षरांनी काना-मात्राही बदलला नाही.

आत जाऊन म्हटलं, "आठची बस आहे. तुम्हीही चला, मला एकटीला भीती वाटते." भिंतीला नाही, ह्यांना म्हटलं.

३० ऑक्टोबर, गुरुवार

तुरुंगाच्या फाटकावर पर्स, घड्याळ, केसांतल्या पिनासुद्धा काढून घेतल्या. मनगटावर शिक्का मारला. ह्यांना आत सोडलं नाही, ते बाहेरच्या बाकावर बसले. फिनेलच्या वासाचा लांब बोळ, मग एक खोली, मध्ये जाळी, जाळीच्या दोन्ही बाजूंना एकेक स्टूल. दारात पहारेकरी.

तो आला. मी आडदांड माणूस कल्पिला होता, हा तर बुटका, किडकिडीत, भुवयांत लाकडाचा भुसा. केसांना पाणी लावून भांग पाडला होता. मला बघून तोंडभर हसला आणि म्हणाला, "ताई? कागद घेऊन आलात?"

वाटलं, उठावं आणि पळत सुटावं.

"कागद नाही," मी म्हटलं. "तू सुटलेला नाहीस. मी लिहिलं ते देवाच्या माफीबद्दल. मला तुरुंगातली माफी माहीतच नव्हती. चूक माझी आहे, तुझी नाही."

तो हसतच होता. हसू तसंच राहिलं आणि डोळे तेवढे बदलले. "पण सही झालीय म्हणालात."

"देवाची."

"आणि साहेबाची?"

"नाही."

"तुम्ही लिहिलंत, कुणी काही कर म्हटलं तर ऐकू नकोस."

"लिहिलं. चुकलं."

"चुकलं!" त्यानं जाळीवर अशी थाप मारली की पहारेकरी पुढे आला. "माझ्या आईनं खोली रंगवलीय! वकीलबाईंना मी हसलो, साहेबांना हसलो, सगळ्या बराकीला सांगितलं! चुकलं म्हणता?"

मला त्याची माफी मागायची होती आणि तोंडातून तो शब्द निघेना. मग म्हटलं, "अर्जाला उद्या चारपर्यंत वेळ आहे. शिव्या दे मला, पण सही कर. मंजूर होईल की नाही ते मला माहीत नाही. यापुढे मला माहीत नाही ते मी सांगणार नाही."

तो स्टुलावर बसला. खाली बघूनच बोलला. "तुम्हाला कधी कळलं?"

"सोमवारी."

"आज गुरुवार आहे."

"हो. सांगू नये असं वाटत होतं."

त्यानं मान वर केली. "ती देवाची, ती तरी खरी का? की ती पण तुमची चूक?"

"ती खरी."

"तिनं किती दिवस कमी होतात?"

"एकही नाही."

तो उठला. अजून अर्धा वेळ शिल्लक होता. दारापाशी जाऊन वळला. "आईला तुम्ही सांगायचं. पत्रानं नाही, तोंडानं." आणि गेला. अर्जाचं नावसुद्धा काढलं नाही.

कल्याण अधिकाऱ्यांनी आईचा पत्ता लिहून दिला. म्हणाले, "त्याच्यावर नजर ठेवायला माणूस लावतो. उद्या चारपर्यंत अर्ज टेबलावर राहील. जबरदस्ती मला करता येत नाही." बसमध्ये मी रडले, ह्यांच्या खांद्यावर, लोकांदेखत. रडले तर रडले.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी दोघं सुताराच्या आईकडे गेलो. जिना चढतानाच रंगाचा वास आला. म्हातारीनं दार उघडलं आणि 'ताई' म्हणताच माझे दोन्ही हात धरून डोळ्यांना लावले. मी उंबऱ्यातच सांगितलं, आत गेले असते तर जमलं नसतं. तिनं हात सोडले नाहीत. "मग कधी येईल?" म्हणाली. मी म्हटलं, "माहीत नाही, आजी." तिनं नव्या रंगाच्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, "बरं झालं आलात. दुपारी मी फाटकापाशी जाऊन बसणार होते, तो बाहेर येईपर्यंत." तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

घरी येऊन फोन मांडीवर घेऊन बसले. तीन वाजले. साडेतीन. हे समोर बसून होते. चार वाजले, सव्वाचार झाले, फोन वाजला नाही. अर्ज हातचा गेला हे मी मनाशी धरून टाकलं होतं. अर्ज गेला तर जाऊ दे, पोरगा जिवंत असू दे, एवढीच प्रार्थना उरली होती, आणि तीही धड शब्दांत येत नव्हती.

पावणेपाचला कल्याण अधिकाऱ्यांचा फोन आला. "सही केली. चारला दहा कमी असताना. कुणाशी बोलत नाही, पण दुपारी जेवला. आता आणखी एक अडचण झालीय."

"कसली?"

"त्यानं अर्ज खराब केलाय. सहाव्या रकान्यात 'आजवर मिळालेली माफी' असं असतं. कोणाकडून आणि किती दिवस. त्याला आजवर काहीच मिळालेली नाही, रकाना कोरा सोडायचा होता. यानं लिहिलंय, 'कोणाकडून: देवाकडून. दिवस: शून्य.' आणि खाली, 'ताईंना समक्ष विचारून खात्री केली.' चेष्टा केली असणार हो, रागात आहे तो. आता अर्ज मंजूर करणाऱ्या मंडळापुढे जायच्या आधी हे खोडू का, ते सांगा."

चौतीस वर्षांची सवय कामाला आली.

"खोडू नका," मी म्हटलं. "खाडाखोड झाली की अर्ज बाद करतात. आणि चेष्टा असली तरी रकाना बरोबर भरलाय."